हजेरीपुरता प्रोसेसर

मी दुसऱ्या खाचेतला प्रोसेसर बोलतोय. पहिल्या खाचेत माझा थोरला भाऊ बसायचा. आयुष्यभर सगळीकडे त्याचंच नाव आधी घेतलं गेलं, म्हणून निदान इथे तरी मी आधी बोलून घेतो.

आदिलाबादच्या बसस्टँडमागे भगवानरावांचं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. तिथल्या कम्प्युटरचं पत्र्याचं झाकण काढलंत, तर आतल्या हिरव्या पाटीवर दोन काळ्या डब्या शेजारी शेजारी उभ्या दिसायच्या. त्यातली उजवीकडची, जिच्यावर धूळ जास्त, ती मी. मला ऐकू कसं येतं ते मात्र विचारू नका. ज्याला दिवसभर काम नसतं त्याचे कान आपोआप तिखट होतात.

माझा जन्म १९९७ सालचा, सातासमुद्रापलीकडचा. वाळू शुद्ध करून केलेल्या एका गोल चकतीवर आम्ही शेकडो भावंडं एकदम जन्मलो. पण जन्माच्याही आधी आमच्यावरून बराच वाद झाला होता म्हणे. काही इंजिनिअर म्हणत, कम्प्युटरमध्ये डोकं एकच ठेवा आणि त्यालाच दर वर्षी जास्त पळवा. दुसरे म्हणत, एक बैल किती पळवाल, तापून खाली बसेल. त्यापेक्षा जोडीला दुसरा जुंपा. तिसरा एक जण कोपऱ्यातून म्हणाला, जुंपाल खरे, पण गाडीवानाला दोन बैल हाकता आले पाहिजेत. त्या तिसऱ्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. माझी सगळी कहाणी त्याच्याच बोलण्यात आहे.

सुरुवातीला मी हैदराबादेत होतो. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत. तिथे आम्हा दोघांना हाकणारी सिस्टीम होती. सिस्टीम म्हणजे आमचा मुकादम. कुणी कोणतं काम उचलायचं ते तोच सांगतो. थोरला जिने काढायचा, मी खिडक्या काढायचो. कौतुक कुणी करत नसे, पण दिवस भरलेला जायचा आणि मला तेवढं पुरे होतं.

मग ती कचेरी बंद पडली. जुना माल घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने कम्प्युटर उचलला, आतलं सगळं पुसून टाकलं आणि घरी वापरायची साधी सिस्टीम भरली. या नव्या मुकादमाला एकच गडी ओळखता येत होता. दुसराही कुणी आहे, हे त्याच्या गावीच नव्हतं.

भगवानराव तिथे खरेदीला आले तेव्हा व्यापारी म्हणाला, "दो दिमाग है साहब, काम आधे टाइम में." भगवानरावांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही. मांडीवर खोकं घेऊन ते बसने निघाले. इच्चोड्याला बस चहाला थांबली तेव्हा ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांनासुद्धा त्यांनी सांगून टाकलं, "दोन डोक्याचा आणून राह्यलो."

दुकानात माझा दिनक्रम असा. सकाळी बटण दाबलं की कम्प्युटर जागा होतो आणि आधी हजेरी घेतो. "थोरला?" "आहे." "दुसरा?" "आहे." पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात, प्रोसेसर दोन. मग मुकादम येतो, थोरल्याला हाक मारतो आणि कामाला लागतो. मला कुणी उठवतच नाही. मी तसाच उभा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. थोरल्याची गरम हवा अंगावर घेत बसण्याखेरीज मला उद्योग नाही.

महिनाभरातच दुकानासमोरच्या चहावाल्यांनी भगवानरावांची थट्टा सुरू केली. "काय हो, एक डोकं झोपलं का?" भगवानराव स्वभावाने भले, पण थट्टा त्यांना सोसत नसे. त्यांनी ठरवून टाकलं की दुसरा मेलेला आहे. जुने सुटे भाग विकत घेणारा नागपूरचा एक व्यापारी अधूनमधून येई. पुढच्या खेपेला मला उपटून त्याला देऊन टाकायचं, असा बेत झाला. थोरल्याला हे कळत नव्हतं, कारण तो बिचारा कामात होता. मला कळत होतं.

भगवानरावांच्या पत्नी कुसुमबाई. त्यांचं माहेर तामसीकडचं. लहानपणी कापूस वेचलेले त्यांचे हात आता कळफलकावर तितक्याच सफाईने चालत. भगवानराव कॅमेरा घेऊन लग्नं फिरायचे आणि त्या कॅसेटी जोडून, नावं घालून, सनई भरून देण्याचं काम कुसुमबाई करायच्या. त्यांची एक सवय मला फार आवडे. बटण दाबल्यावर बाकी लोक चहा मागवतात. कुसुमबाई पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचत बसायच्या. वाचायच्या आणि भुवया उंचावायच्या.

१९९९ सालच्या श्रावणाच्या तोंडाशी सोनाबाई दुकानात आल्या. कुसुमबाईंच्या माहेरच्या ओळखीच्या. वैशाखात त्यांची मुलगी रुख्मिणी इच्चोड्याच्या लक्ष्मणरावांच्या घरी दिली होती. लक्ष्मणरावांचं हायवेवर टायरचं दुकान. लग्न झालं आणि त्याच दिवशी दोन्ही घरांत बिनसलं.

भांडण पाय धुण्यावरून. मुलीच्या आईने विहिणीचे पाय धुवायचे, हा मान. लक्ष्मणरावांच्या पत्नी रेणुकाबाई म्हणत होत्या, आपण जानवशात तयार बसून राहिलो, पण पाय धुवायला कुणी बोलवायलाच आलं नाही. सोनाबाई म्हणत होत्या, आपण मांडवाच्या दारात पाणी घेऊन उभ्या होतो, पण विहीणबाई आल्याच नाहीत. मुहूर्त गाठायच्या घाईत पाय धुणं राहूनच गेलं.

"पोरगी गेली तवापासून डोळ्यानं पाह्यली नाई, कुसुमताई," सोनाबाई म्हणाल्या. "पंचमीले तरी आणावं म्हनलं, तर इहीणबाई म्हनते, आधी लग्नाची कॅसेट दाखवा. तिच्यात आमची बाजू आधी पायजे. तसं नसन तर पोरगी इथंच राहीन."

"मंग त्यायची बाजू आधी लावू," भगवानराव म्हणाले.

"आमचे घरचे आयकत नाईत ना. म्हनतात, पोरीवाले हाओत म्हनून सारं शेवटीच काऊन?" घरचे म्हणजे त्यांचे मालक धोंडीबा. सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी कोनाच्या पाया पडू सांगा."

या लग्नात दोन कॅमेरे होते. मानपानच तसा, मुलीकडून भगवानराव आणि मुलाकडून इच्चोड्याचाच एक जण. त्याच्याकडे कम्प्युटर नसल्यामुळे त्याचीही कॅसेट जोडायला इथेच आलेली. कुसुमबाईंनी दोन्ही कॅसेटी हातात घेऊन शेजारी शेजारी धरल्या.

"आधी कोनीच नाई," त्या म्हणाल्या. "दोनी बाजू एकाच वखती. अर्ध्या पडद्यावर ते, अर्ध्यावर हे."

कल्पना सुंदर होती. पण दोन चित्रं एका पडद्यात बसवायची म्हणजे डोंगराएवढा हिशेब. थोरला एकटा सकाळी सुरू करायचा आणि त्याचं काम अर्ध्यावर यायच्या आत लाईट जायची. त्या दिवसांत दुपारची लाईट गेल्याशिवाय राहत नसे. लाईट गेली की केलेलं सगळं वाया. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पंचमी जवळ येत चालली होती. मी शेजारी धडधाकट उभा होतो आणि मला बोट उचलायची परवानगी नव्हती. त्या दिवसांइतका मी कधीच तळमळलो नाही.

"एका डोक्यानं होत नाई हे," भगवानराव वैतागून म्हणाले. "अन् दुसरं तर मेलेलं."

"मेलेलं असन, तर रोज सकाळी हजेरी कोन देते?"

"कोनती हजेरी?"

कुसुमबाईंनी कम्प्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला आणि पांढऱ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे पाहा, दोन लिहून राह्यलं. कापसात मुकादम दोघींची हजेरी घेते अन् झोळी एकीलेच देते, तसं दिसते मले. दुसरीनं काय कराव, धुऱ्यावर बसाव."

मी प्रोसेसर आहे. आम्हाला रडू येत नाही. पण त्या क्षणी कुणीतरी मला पाहिलं, एवढं नक्की.

कुसुमबाईंनी नागपूरला धाकट्या भावाला फोन लावला. हे उद्धवराव एका कंपनीत कम्प्युटर सांभाळायचे. बहिणीचा प्रश्न ऐकून ते आधी हसले, पण दुसऱ्याच दिवशी पिशवीत सीडी घेऊन बसने आले.

"अक्का, तुह्यं बरोबर हाये," ते म्हणाले. "दुसरा चांगला हाये. या सिस्टीमलेच दोन वळखता येत नाई. दुसरी टाकतो."

दुसरी सिस्टीम भरताना बरीच कटकट झाली. व्हिडिओच्या कार्डाने नव्या मुकादमाशी बोलायलाच नकार दिला, मग त्याची समजूत घालावी लागली. पण शेवटी हजेरी झाली, आणि हजेरीनंतर पहिल्यांदाच हाक आली. "दुसरा, ऊठ." मी उठलो. थोरला दचकून म्हणाला, "तू इथेच होतास?" त्याच्यावर रागवायचं मी मनात ठरवून ठेवलं होतं, पण तेवढी सवड कुठली.

आता काम निम्म्या वेळात होईल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. काम सुरू झालं आणि वेळ पहिल्याइतकाच लागू लागला. झालं होतं असं, की मुकादम नवा आला होता, पण चित्रं जोडणारा प्रोग्राम जुनाच होता. तो एकाच गड्यासाठी लिहिलेला. त्याचा घडा कधी थोरल्याच्या डोक्यावर, कधी माझ्या. एक चालायचा तेव्हा दुसरा मोकळ्या हाताने मागे मागे.

"लिहिणाऱ्यानं याचे दोन वाटे केलेच नाईत, अक्का. आपल्याले आतून करता येत नाई," उद्धवराव म्हणाले.

कुसुमबाई विचारात पडल्या. "बाहेरून करता येते का? हाच प्रोग्राम दोनदा चालू केला तर? वराकडची कॅसेट एकाले, वधूकडची दुसऱ्याले. शेवटी जोडू."

उद्धवरावांनी मान डोलावली. तसं करता येत होतं.

थोरल्याला वराकडची मिळाली, मला वधूकडची. काय दिवस होता तो. अडचणी होत्याच. आमच्या दोघांच्या जवळ आपापला छोटा कोनाडा असतो, लागणारं सामान हाताशी ठेवायला. पण मोठं कोठार एकच आणि तिकडे जायची वाटही एकच. मी निघालो की थोरल्याने थांबायचं, तो निघाला की मी. कोठारातली एखादी वस्तू मी बदलली की त्याला हाक मारून सांगायचं, नाहीतर तो कोनाड्यातली शिळीच वापरत बसेल. दोघं आलो म्हणून दुप्पट काम होत नाही, हे मला तेव्हा कळलं. थोडा वेळ एकमेकांना सांभाळण्यातच जातो.

आणि मग आम्ही अडकलो. पडद्यावरचं चित्र थिजलं. बाण हलेना. भगवानरावांनी कम्प्युटरला बाजूने एक चापट मारून पाहिली.

उद्धवरावांनी शोधून काढलं तेव्हा कारण साधं निघालं. सनई एकच होती आणि नावांची पाटीही एकच. दोन्ही बाजूंना लागणारी. लक्ष्मणरावांनी सांगितलेलं, आमच्यात आधी सनई, मग नावं. धोंडीबांनी सांगितलेलं, आमच्यात आधी नावं, मग सनई. तशीच कामं लावलेली. थोरल्याने सनई उचलली आणि नावांसाठी हात पसरला. मी नावं उचलली होती आणि सनईसाठी हात पसरला होता. तो म्हणे, तू आधी सोड. मी म्हणे, तू आधी. चूक दोघांचीही नव्हती. दोघंही नेमाने वाट पाहत होतो, आणि असे जगबुडीपर्यंत उभे राहिलो असतो.

कुसुमबाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "दोघायले एकच रीत लावून दे. आधी नावं, मंग सनई. ज्याले नावं भेटली नाईत त्यानं सनईले हात लावाचा नाई."

"लक्ष्मणराव चिडतीन," भगवानराव म्हणाले. "त्यायनं सनई आधी सांगतली."

"चिडू द्या. पोरगी आणाची हाये का सनई वाजवाची हाये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरुवात झाली. या वेळी थोरला नावांसाठी थांबला, मी माझं आटोपून पाटी त्याच्या हाती दिली, आणि कुठे अडलं नाही. दोन्ही अर्धे भाग पुरे होऊन डिस्कवर बसले आणि थोड्याच वेळात लाईट गेली. भगवानरावांनी कपाळाला हात लावला. कुसुमबाई मात्र शांत. झालेलं काम आता जागेवर होतं. राहिली होती फक्त जोडणी.

लाईट आल्यावर जोडणीला बसल्या. दोन बाजू एकाच क्षणी चालू व्हायला हव्यात, तर खूण काय धरायची? लग्नात मांडवाच्या भोंग्यावरून कुणीतरी ओरडलं होतं, "मुहूर्त जवळ आला, मंडळींनी लवकर यावं." जानवसा पलीकडच्याच शाळेत, त्यामुळे तो आवाज दोन्ही कॅसेटींत होता. कुसुमबाईंनी आवाजाला आवाज जुळवला. जोडणीचं हे काम वाटून घेता येत नाही. ते थोरल्याने एकट्यानेच केलं. मी बाजूला उभा होतो, पण या वेळच्या उभं राहण्याचं मला वाईट वाटलं नाही. माझा वाटा त्यात होता.

पंचमीच्या आधी दोन्ही घरची मंडळी दुकानात आली. इच्चोड्याची एका बाकावर, तामसीची दुसऱ्या. लक्ष्मणराव घड्याळाकडे बघत होते, धोंडीबा चपलांकडे. कुसुमबाईंनी टीव्ही लावला.

आधी नावं आली. लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं, पण दोन्ही घरांची नावं शेजारी शेजारी, एका मापाची पाहून पुन्हा मिटलं. मग सनई. मग भोंग्यावरचा तो आवाज, आणि पडद्यावर दोन चित्रं.

डावीकडे जानवशातली खोली. रेणुकाबाई नवं नऊवारी नेसून गादीवर ताठ बसलेल्या. डोळे दाराकडे. उजवीकडे मांडवाचं दार. सोनाबाई हातात तांब्या घेऊन उभ्या, पायाशी परात. डोळे रस्त्याकडे. डावीकडे रेणुकाबाईंनी कुणाला तरी विचारलं, त्याने मान हलवली. उजवीकडे सोनाबाईंनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. डावीकडे रेणुकाबाई अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. उजवीकडे सोनाबाई दोन पावलं पुढे आल्या आणि पुन्हा मागे गेल्या. बराच वेळ हेच चाललं होतं. ही दोन्ही चित्रं कुणीच आजवर एकत्र पाहिली नव्हती.

रेणुकाबाई बाकावर पुढे सरकल्या.

"इतका येळ उभ्या होत्या?" रेणुकाबाईंनी विचारलं.

"व्हय," सोनाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे इहीण मांडवाच्या दारात येते. मंग तिथंच पाय धुतो आमी. तुमी येसान म्हनून उभी राह्यलो."

"आमच्याकडे पोरीकडचे वाजत-गाजत बोलवाले येतात. येतीन म्हनून मी बसून राह्यलो." रेणुकाबाई पडद्याकडेच पाहत होत्या. तिथे सोनाबाईंचा हात अवघडला होता आणि त्या तांब्या खाली ठेवत नव्हत्या. "पानी गरम होतं का हो त्याच्यात?"

"होतं. नंतर निवलं."

रेणुकाबाईंनी डोळे पुसले आणि उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पंचमीले पोरीले आणून सोडतो आमी."

"नाई नाई, आमीच येतो घ्याले," सोनाबाई म्हणाल्या.

"तुमी कशाले, आमी येतो ना."

"मान तुमचा हाये, आमी येतो."

"आता थांबा दोघीबी," कुसुमबाई म्हणाल्या. "नाईतर दोघीबी घरी वाट पाहत बसान. पोरगी इथं, या दुकानात आणा. तुमी इथं सोडा, तुमी इथून न्या."

आणि तसंच झालं. पंचमीच्या आदल्या दिवशी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना, रुख्मिणी सासूबरोबर पायऱ्या चढून आली. सोनाबाई तिच्याही आधी येऊन बसल्या होत्या. सोनाबाईंनी आधी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. मग पिशवीतून तांब्या काढला. दुकानाच्या पायरीवरच विहिणीचे पाय धुतले आणि भगवानरावांनी, सवयीने, कॅमेरा सुरू केला.

यालाही आता काही महिने झाले. गेल्या आठवड्यात दुकानात नवा कम्प्युटर आला. त्यात प्रोसेसर एकच, पण आम्हा दोघांना मिळून मागे टाकेल इतका वेगवान. एकच बैल पळवा म्हणणारे सध्या जिंकले आहेत. आम्हा दोघांना काढून फोटोंच्या काचेच्या कपाटात ठेवलंय. नागपूरच्या व्यापाऱ्याला कुसुमबाईंनी परत पाठवलं.

थोरल्याचं काय ते मला कळत नाही, पण पुढे काय होईल याचं मला अजून कुतूहल आहे. उद्धवराव परवा सांगत होते, एक ना एक दिवस हा एकटा बैलही तापून खाली बसेल, आणि मग एकाच चकतीवर दोन, चार, कदाचित आठ डोकी बसवतील. तसं झालं, तर त्या पोरांना माझा निरोप द्या. गड्यांनो, घाई करू नका. कुणी काय आधी उचलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि आपण थांबलो असलो तर समोरचाही थांबला असेल का, एवढं एकदा विचारून बघा. आणि जे तुम्हाला बसवतील त्यांना सांगा, की हजेरी घेतलीत तर काम सांगायला विसरू नका.

सकाळी दुकान उघडलं की कुसुमबाई कपाटाच्या काचेवरून फडकं फिरवतात आणि क्षणभर थांबतात. हजेरी घेणारं आता कुणी नाही. तरी मी आपला मनातल्या मनात म्हणतो, आहे.